धरलेला आणि परत सोडलेला मासा

पंगुणी महिन्यात मैलापूरला कपालीश्वराचा उत्सव भरतो. त्यातल्या अरुपत्तुमूवरच्या दिवशी त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्ती पालख्यांतून देवळाभोवतीच्या माड वीथींमधून निघतात, आणि त्या दिवशी या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. या त्रेसष्टांत राजे आहेत, ब्राह्मण आहेत, कुंभार आहे, धोबी आहे; नागपट्टणमचा एक कोळीही आहे. त्याचे नाव अतिपत्त नायनार. जाळ्यात आलेल्या माशांतला एक तो शिवाच्या नावाने समुद्रात परत सोडायचा. पुढे मासळी आटली, जाळ्यात एकच मासा येऊ लागला, तेव्हा तोही त्याने सोडला आणि घरादारासह उपाशी राहिला. शेवटी सोन्याचा, रत्नांनी मढलेला मासा वर आला. तोही त्याने पाण्यात परत दिला. सेक्किळारांनी बाराव्या शतकात ‘पेरिय पुराणा’त ही कथा सांगितली. मैलापूरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या नोच्चिकुप्पमच्या कोळ्यांना ती आजही सांगावी लागत नाही.

गळाने मासे धरण्याच्या छंदावरचे हे पुस्तक मराठी वाचकासमोर ठेवताना मला हा कोळी आधी आठवतो, कारण आपल्याकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मासा सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन हे पुस्तक सुरू करता येणार नाही. गळ माशाच्या तोंडात रुततो. तो दमेपर्यंत झुंजतो. पाणी कोमट असेल, त्याला फार वेळ बाहेर धरले असेल किंवा गळ कल्ल्यात अडकला असेल, तर सोडल्यावरही तो मरू शकतो. पोटासाठी मासा मारणाऱ्यावर जो आक्षेप येत नाही तो छंदासाठी धरणाऱ्यावर येतो, आणि त्याने तो ऐकून घेतला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की, या आक्षेपाला उत्तर देण्याची संधी या छंदाकडे आहे. ते उत्तर डोहाकाठच्या आनंदात सापडत नाही. नदीला त्या माणसाकडून काय मिळाले, यात ते आहे. पुढची सगळी प्रकरणे मी याच कसोटीवर लिहिली आहेत.

या छंदाचे घराणे ब्रिटनमधल्या ज्या नद्यांवर घडले त्या आपल्या मानाने फार लहान. वेल्समधल्या लांब नद्यांत गणली जाणारी टायवीसुद्धा सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळते. तिथले कितीतरी प्रवाह आपण ओढा म्हणून ओलांडून जाऊ असे. पण त्या थंड, खडकाळ पाण्यात सामन आणि ट्राउट येतात. सामन नदीच्या वरच्या अंगाला, वाळूगोट्यांत घातलेल्या अंड्यातून जन्मतो, काही वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग समुद्राकडे जातो, अटलांटिकच्या उत्तरेपर्यंत भटकतो आणि विणीसाठी आपल्याच नदीत परततो. जन्मनदीच्या पाण्याचा वास तो ओळखतो. परतल्यावर नदीत तो जवळजवळ काहीच खात नाही, तरीही पिसांनी आणि दोऱ्याने बांधलेल्या खोट्या माशीवर झेप घेतो. का, याचे सर्वांना पटणारे उत्तर अजून नाही. ट्राउटचे आणखी नवल. एकाच जातीतले काही मासे जन्मभर नदीत राहतात, तांबूस ठिपक्यांचे आणि बेताच्या आकाराचे. काही समुद्रात जाऊन चंदेरी आणि थोराड होऊन येतात. वेल्सचे लोक या दुसऱ्यांना सिविन म्हणतात. सिविन इतका बुजरा की त्याच्यासाठी गळ टाकायचा तो अंधार पडल्यावर, पाण्यात पाय न वाजवता.

टायवीवर आणि शेजारच्या टाउईवर लवचिक लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याच्या गोलसर, हलक्या होड्यांतून जाळे टाकण्याची परंपरा आहे. होगेनक्कलला कावेरीत परिसल ही गोल होडी पाहिलेल्या माणसाला त्या होड्यांचे चित्र दाखवले तर तो चटकन ओळखेल. जगाच्या दोन टोकांच्या नद्यांवर माणसांनी जवळजवळ तीच वस्तू बनवली.

आता वेल्सची दुसरी बाजू. सामन तिथेही संपत चालला आहे. म्हणून जानेवारी २०२० पासून वेल्सच्या नद्यांमध्ये गळाला लागलेला प्रत्येक सामन परत सोडणे कायद्याने बंधनकारक झाले. त्याआधी, २०१४ मध्ये, तिथल्या निसर्गसंपदा विभागाने आणखी कठीण निर्णय घेतला होता: उबवणी केंद्रात वाढवलेली सामनची पिल्ले नद्यांत सोडणे थांबवायचे. पिढ्यान्पिढ्या ज्या कामाला लोक पुण्य समजत होते, तेच थांबवले. केंद्रात वाढलेली पिल्ले समुद्रातून फारशी परतत नाहीत आणि परतलीच तर रानटी माशांचा वाण बिघडवतात, हे अभ्यासातून दिसले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आपल्या नद्यांच्या कहाणीत ती पुढे फार जवळची होणार आहे.

हा छंद आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असे मानण्याची सवय आहे. ती अर्धीच खरी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा नदीत, कोणता समुद्रात, काठी कशाची असावी, दोरी कशी वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, हे त्यात तपशिलाने येते. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी हे प्रकरण पुन्हा अभ्यासकांपुढे आणले. सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता आणि याच ग्रंथात जुन्या मराठीच्या ओळीही सापडतात. म्हणजे गळाने मासे धरण्याच्या कलेवरचे फार जुने लेखन आपल्या भाषेच्या उंबरठ्यावर उभे आहे. आपल्या वाचकाला ते ठाऊक नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंग्रज अमलात मद्रास इलाख्याने या विषयात पुढाकार घेतला. हेन्री सलिव्हन थॉमस हे मद्रास मुलकी सेवेतले अधिकारी. दक्षिण कानड्यात कलेक्टर असताना त्यांनी नद्यांतल्या माशांवर अहवाल लिहिला आणि १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळुरात छापले. पुढे १८८७ मध्ये तळ्यांत गळ कसा टाकावा यावर वेगळे पुस्तक काढले. सामनच्या आठवणीने हळहळणाऱ्या देशबांधवांना थॉमसनी सांगितले की, त्याच वजनाचा इथला महसीर मासा सामनपेक्षा जास्त झुंजतो. तराजू मात्र सामनचाच राहिला. या तराजूने पुढे शंभर वर्षे नुकसान केले. इथल्या नदीत काय आहे ते पाहण्याऐवजी, तिथल्या नदीसारखे इथे काय करता येईल, इकडे लक्ष गेले.

निलगिरीतला ट्राउट हे त्याचे उघड उदाहरण. १८६० च्या दशकात फ्रान्सिस डे यांनी विलायतेहून ट्राउटची अंडी निलगिरीवर आणण्याचा प्रयत्न केला; तो फसला. हेच डे पुढे भारतातल्या माशांवरचा महाग्रंथ लिहून गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारचे मत्स्यखाते उभे केले आणि एच. सी. विल्सन या तज्ज्ञाने निलगिरीत रेनबो ट्राउट रुजवला. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याचा. इथे त्याची अंडी सिलोनमार्गेही आली. अॅव्हलांचला उबवणी केंद्र झाले, मुकुर्तीच्या बाजूच्या ओढ्यांत मासा टिकला. उटीला जाणारा प्रवासी त्याला तिथला मासा समजतो. काश्मीरला जाणाऱ्याचेही तसेच. तिथे ट्राउटची अंडी विलायतेहून पोचली ती १९०० मध्ये. या पुस्तकात निलगिरीच्या ट्राउटवर एकच छोटे प्रकरण आहे. त्या पाण्यावरची सकाळ मला प्रिय आहे, पण त्या माशाला देशीपणाचा मान द्यायला मी तयार नाही.

सामनशी खरे नाते सांगणारा मासा आपल्याकडे आधीपासून होता. बाजारात काही ठिकाणी रावसाला भारतीय सामन म्हणून विकतात, तो नव्हे. मी म्हणतो तो पाला, बंगालचा इलिश, तमिळमधला उळ्ळम. हाही समुद्रात वाढतो आणि विणीसाठी नदी चढतो. कावेरी आणि तिची फुटलेली शाखा कोळ्ळिडम यांतून तो पावसाळ्यात वर यायचा. एकोणिसाव्या शतकात कोळ्ळिडमवर बंधारे झाले, तेव्हाच त्याची वाट अडू लागली. विल्सनने कोळ्ळिडमच्या काठी पाल्याची अंडी हाताने फळवण्याचे प्रयोग केले. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि कावेरीच्या वरच्या अंगाचा पाला संपला. तंजावरच्या मराठी राज्यावर, त्याच्या ग्रंथालयावर, देवळांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मैलापुरातच देह ठेवलेल्या सर टी. माधवराव यांच्यासारख्या तंजावरी मराठी माणसांवरही लिहिले गेले. ज्या कावेरीवर त्या घरांच्या सात-आठ पिढ्या वाढल्या, तिच्यातून एक अख्खा मासा निघून गेला, ही नोंद मात्र आपल्या कुठल्या आठवणीत मला सापडली नाही.

आता महसीर. या पुस्तकाचा खरा नायक तोच, आणि त्याची गोष्ट पुण्यापासून सुरू होते.

मुंबई लष्करातले विल्यम हेन्री साइक्स हे दख्खनच्या पाहणीसाठी नेमलेले अधिकारी. त्यांनी गावोगावच्या कोळ्यांकडून मासे घेतले, त्यांची चित्रे काढवून घेतली आणि १८३९ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला त्यांनी कोळ्यांच्या तोंडचे नावच दिले: खुद्री. आज जगभर टॉर खुद्री या नावाने ओळखला जाणारा, निळसर परांचा महसीर तो हाच. मुळा-मुठेची आजची अवस्था पुणेकरांना सांगायला नको.

धरणे झाली, सुरुंग आणि विष घालून मासे मारणे वाढले, आणि महसीर मोठ्या नद्यांतून कमी होत गेला. तेव्हा डॉ. चं. वि. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास लोणावळ्याच्या तलावांवर खुद्रीची अंडी हाताने फळवून पिल्ले वाढवण्याचे तंत्र बसवले. पुढे श. ना. ओगले यांनी ते काम वर्षानुवर्षे चालवले. टाटांच्या वीज कंपनीने त्यासाठी वळवण तलावाच्या काठी केंद्र उभे केले. महसीरची मादी एका वेळी थोडीच अंडी पिकवते, ती टप्प्याटप्प्याने सोडते, अंड्यांना सतत वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. ज्यांनी हे सगळे निगुतीने जमवले त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. खुद्री आज जगाच्या धोकाग्रस्त यादीतून बाहेर आला आहे, त्यात लोणावळ्याचा वाटा नाकारता येणार नाही.

पण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही बोटुकली कावेरीतही सोडली जाऊ लागली. मासा वाचावा, गळ टाकणाऱ्यांना खेळ मिळावा, हा हेतू. त्यात वाईट कोणीच नव्हते. कावेरीचा मूळचा महसीर मात्र वेगळा होता. त्याची शेपटी नारिंगी असते, डोक्यामागे पाठीला कुबडासारखा उंचवटा असतो, आणि तो पन्नास किलोंच्याही पुढे वाढतो. १९४६ मध्ये मैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने काबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा महसीर अजून विक्रम म्हणून सांगितला जातो. थॉमसच्या पुस्तकापासून जगभरच्या गळवाल्यांना हा मासा ठाऊक होता, आणि तरीही सुमारे दीडशे वर्षे त्याला शास्त्रीय नाव मिळाले नव्हते. कोणाला ते द्यावेसे वाटले नाही, कारण सगळे महसीर एकच असे धरून चालले होते.

उलगडा झाला तो नोंदवह्यांतून. कावेरीकाठच्या गालिबोरे येथील छावणीत येणारा प्रत्येक जण किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती, हे लिहून ठेवत असे आणि मासा परत सोडत असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या, तेवीस हजारांहून जास्त तासांच्या आणि सहा हजारांहून जास्त महसीरांच्या या नोंदी एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांनी सहकाऱ्यांसह तपासल्या. त्या वह्यांत दोन रेषा दिसल्या. निळ्या परांचा पाहुणा वर्षागणिक वाढत होता. नारिंगी शेपटीचा मूळ रहिवासी नाहीसा होत चालला होता. हे कळेपर्यंत लोक एकूण आकडा पाहून महसीर वाढतो आहे म्हणून समाधानी होते.

पुढे निलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार नदीत हा कुबडाचा महसीर पुन्हा सापडला. केरळातल्या पांबार नदीतून वर्णन झालेल्या एका जातीशी तो जुळला, आणि २०१८ मध्ये त्याला नाव मिळाले: टॉर रेमादेवी. हे नाव के. रेमादेवी यांचे. त्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या मत्स्यशास्त्रज्ञ, आणि त्या संस्थेचे चेन्नईतले कार्यालय मैलापूरला लागून असलेल्या सांथोम हाय रोडवर आहे. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत गेला. वाघाच्या वर्गापेक्षाही वरच्या वर्गात.

वेल्सच्या निर्णयाशी हे ताडून पाहावे. तिथे केंद्रातली पिल्ले त्याच जातीची होती, तरी ती सोडणे थांबवले. आपण वेगळ्या खोऱ्यातली, वेगळी जात सोडली, आणि आजही कुठे ना कुठे सोहळा करून, छायाचित्रे काढून मत्स्यबीज नदीत ओतले जाते. पुण्यकर्म म्हणून पाळलेले मासे सोडणारे भाविकही असतात. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. अतिपत्त नायनाराने जो मासा सोडला तो त्याच समुद्राचा होता, एवढेच नम्रपणे सांगतो.

श्रद्धेने नदीचे भले केल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत आणि ती मला छावण्यांहून मोठी वाटतात. महाडजवळ वाळण कोंडीला वरदायिनी देवीच्या डोहात गावकरी मासे धरू देत नाहीत. येणारे जाणारे चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे महसीर पाण्याला तोंड लावतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या तिळसेश्वराजवळ वैतरणेचा डोह असाच देवाचा आहे. तुंगेकाठी शृंगेरीला तेच. तिथे कोणी बाहेरून बीज आणले नाही. डोह राखला, मासा आपोआप राहिला. अशा डोहांत गळ टाकू नये, हे मी या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे.

संरक्षित जंगलांतल्या गळवाल्यांच्या छावण्या २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. त्याविषयी गळवाल्यांत आणि वनखात्यात मतभेद आहेत. छावणीत राबणारे अनेक जण पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे होते, त्यांना पगार मिळे आणि नदीकाठी रात्रंदिवस माणूस असे, हे खरे. अभयारण्यात खेळासाठी प्राण्याला इजा करू नये, हेही चुकीचे म्हणता येत नाही. माझे मत असे की, छावणी बंद झाली तरी नोंदवही बंद व्हायला नको होती. पंधरा वर्षांच्या त्या वह्या नसत्या तर एक मासा आपल्या डोळ्यांदेखत गेला असता आणि आपण आनंदात राहिलो असतो.

म्हणून या पुस्तकात साधनांची माहिती आहे, पण थोडी. काठी, रीळ, दोरी, शिसे, नाचणीचा उकडलेला गोळा, खोटी माशी, चमचा, याविषयी जेवढे लागते तेवढे दिले आहे. उलटा काटा नसलेला गळ का वापरावा, मासा पाण्यातच ठेवून कसा सोडवावा, हात ओले का करावेत, कोणत्या महिन्यांत गळ घरीच ठेवावा, यावर मात्र हात आखडता घेतलेला नाही. सर्वांत मोठे प्रकरण मासा ओळखण्याचे आहे. पर, खवले, ओठ, डोक्यामागची रेषा, शेपटीचा रंग: हे पाहायला शिकलेला माणूस नदीच्या कामाचा होतो.

वाचकांना माझी विनंती दोन गोष्टींची. पहिली, तुमच्या नदीवर गळ टाकाल तेव्हा एक वही ठेवा: तारीख, जागा, किती वेळ, कोणता मासा, किती लांब, छायाचित्र, आणि तो परत सोडला की नाही. रिकाम्या हाताने परतलात तर तेही लिहा, कारण तीही नोंदच आहे. दुसरी, कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, बाहेरून आणलेले मत्स्यबीज तुमच्या नदीत सोडायला निघाला, तर त्याला आधी विचारा की, ही जात या खोऱ्यातली आहे का. उत्तर मिळेपर्यंत ते नदीत जाऊ देऊ नका.

मैलापूर, चेन्नई